जुलैचा बाजार: एका जुन्या कब्सवाल्याचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "तीन वर्षांपूर्वी पुण्याहून शिकागोला आलो. क्रिकेटवर वाढलो, आता कब्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, चटक लागली आहे. पण एक गोष्ट पचत नाही. जुलै संपत आला की चांगल्या खेळत्या माणसाला दुसऱ्या गावी पाठवतात आणि बदल्यात ज्यांची नावंही कोणी ऐकलेली नाहीत अशी पोरं घेतात. कधी याच्या उलट. एरवीही चांगला मारणारा पोरगा खाली मायनरमध्ये, म्हणजे क्लबच्या खालच्या दर्जाच्या टीममध्ये, जातो आणि एखादा ठोंब्या बाकावर तसाच बसून राहतो. हे कोण ठरवतं, कशावर ठरवतं? आणि ट्रेड चांगला की वाईट हे आपण कसं ओळखायचं?"

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. १९९८ च्या वसंतात मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आलो. सॅमी सोसाच्या ६६ होमरनचं (होमरन म्हणजे बेसबॉलचा षटकार) आणि केरी वूडच्या एकाच सामन्यातल्या २० स्ट्राइकआउटचं ते वर्ष. त्या वर्षी जो इथे उतरला त्याची कब्सपासून सुटका नव्हती. पोटापाण्याचा उद्योग म्हणजे कारखान्यांसाठी सुट्या भागांच्या साठ्याचं नियोजन. चौदा वर्षं मुलांच्या टीमचा कोच होतो, आणि एकवीस वर्षं आमच्या फँटसी लीगचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या कागदी टीमच्या खेळाचा, कारभार माझ्याकडे आहे. याच लीगमध्ये २०११ च्या जुलैत मी माइक ट्राउट नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा देऊन एक क्लोजर, म्हणजे सामना संपवायला शेवटी बॉल टाकायला येणारा माणूस, घेतला होता. ट्राउटची त्या वर्षीची बॅटिंग सरासरी .२२०, म्हणजे सुमारच. पुढच्याच वर्षी तो रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. पुढच्यास ठेच लागलेली आहे. मागच्यानं शहाणं व्हावं एवढ्यासाठी लिहितो.

तुमचा तो बाकावरचा ठोंब्या आधी घेऊ, कारण त्याचं कोडं सुटलं की ट्रेडचं निम्मं कोडं सुटतं.

मेजर लीग म्हणजे सगळ्यात वरची लीग. तिथल्या टीमचे दोन रॉस्टर, म्हणजे खेळाडूंच्या याद्या, असतात. एक २६ जणांचा, म्हणजे आज रात्री खेळायला हजर असलेले. त्यात पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, जास्तीत जास्त १३. सप्टेंबरात हा आकडा २८ होतो. दुसरा ४० जणांचा, ज्यात हे २६ आलेच, शिवाय मायनर लीगमध्ये ठेवलेले पण क्लबनं 'हा आमचा' म्हणून राखलेले. ४० मध्ये आलेल्या खेळाडूला साधारणपणे तीन ऑप्शन वर्षं मिळतात. त्या वर्षांत क्लब त्याला हवं तेव्हा खाली पाठवू शकतो, वर आणू शकतो. २०२२ पासून मात्र एका सीझनमध्ये पाचच वेळा. ऑप्शन संपले की गंमत संपली. मग खाली पाठवायचं तर आधी वेव्हरवर टाकून बाकीच्या २९ क्लबना विचारावं लागतं, आणि कोणी हात वर केला की माणूस गेला.

आता तुमचं कोडं सोडवा. चांगल्या पोराकडे ऑप्शन आहे, ठोंब्याकडे नाही. पोराला खाली पाठवलं तर तो उद्याही आपलाच आहे. ठोंब्याला पाठवलं तर तो परवा मिलवॉकीच्या बाकावर दिसेल. दोघांनाही हातात ठेवायचा रस्ता एकच, तो क्लब घेतो, आणि आपण घरी बसून मॅनेजरला शिव्या देतो. मॅनेजरचा यात फारसा संबंधही नसतो. आज कोण कितव्या नंबरला बॅटिंग करेल ते तो ठरवतो. त्याच्या हाताखाली कोणते २६ असतील ते वरची मंडळी ठरवतात. कब्समध्ये ती जबाबदारी जेड होयरची. माझ्या धंद्यातही असंच असतं. गोदामात कोणता नट ठेवायचा हे त्याच्या चकाकीवर ठरत नाही, तो पुन्हा किती दिवसांत मिळेल यावर ठरतं.

दुखापतीच्या यादीचाही असाच वापर होतो. बॅटरसाठी १० दिवस, पिचरसाठी १५ दिवस, आणि ६० दिवसांची एक लांब यादी. त्या लांब यादीत टाकलेला माणूस ४० मधूनही बाजूला होतो, म्हणजे एक खुर्ची रिकामी होते. एखाद्या पिचरला अचानक ६० दिवसांच्या यादीत हलवलं की दुखणं वाढलं असं लगेच समजू नका. बऱ्याचदा कोणासाठी तरी जागा करायची असते.

या दिवस मोजण्याचं सगळ्यात कडू उदाहरण आपल्याच घरातलं आहे. २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे सीझनआधीच्या सरावात, क्रिस ब्रायंटनं ९ होमरन मारले, आणि तरी त्याला सीझनच्या सुरुवातीला मायनरमध्ये पाठवलं. कारण दिलं की थर्ड बेसवरची त्याची फिल्डिंग अजून तयार व्हायची आहे. १७ एप्रिलला त्याला वर आणलं. मेजर लीगमधलं पूर्ण वर्ष मोजायला १७२ दिवस लागतात. ब्रायंटचे त्या वर्षी १७१ भरले. सहा पूर्ण वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा, होतो, त्यामुळे तो एक दिवस कमी पडल्यानं तो २०२० ऐवजी २०२१ नंतर मोकळा झाला. त्यानं तक्रार केली, लवादानं २०२० च्या सुरुवातीला ती फेटाळली. नियमात बसत होतं. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण हा १७१ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ट्रेड.

क्रिकेटच्या डोळ्यांनी बघताना आपली पहिली चूक इथे होते. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परत आला तो नोव्हेंबरात, दोन सीझनच्या मधल्या सुट्टीत. आपण तेव्हा विचारलं की हार्दिक किती चांगला आणि त्याच्या बदल्यात काय गेलं. जुलैच्या ट्रेडमध्ये हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असतो की या खेळाडूचे किती दिवस विकत घेतले, आणि ते दिवस कोणाच्या जागी.

थोडं गणित करतो. वॉर नावाचा आकडा तुम्ही टीव्हीवर बघत असाल. मायनरमधून कधीही उचलून आणता येईल अशा साध्या माणसापेक्षा हा खेळाडू वर्षाला किती विजय जास्त देतो, त्याचा तो अंदाज. ट्रेडची डेडलाइन जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या पहिल्या दोनतीन दिवसांत येते. तेव्हा १६२ पैकी साधारण ५४ सामने उरलेले असतात, म्हणजे एक तृतीयांश. समजा ६ वॉरचा मोठा स्टार घेतला आणि तो ३ वॉरच्या ठीकठाक माणसाच्या जागी खेळला. वर्षाचा फरक ३, उरलेल्या दिवसांचा फरक १. एक विजय. त्यासाठी तुम्ही घरातले दोन उत्तम प्रॉस्पेक्ट, म्हणजे मायनरमधली होतकरू पोरं, दिले.

आता दुसरी टीम घ्या. तिच्या लेफ्ट फिल्डवर असा कोणी खेळतोय की त्याच्यापायी टीम वर्षाला एक विजय गमावेल. त्याच्या जागी २ वॉरचा, कोणी सही मागणार नाही असा माणूस आणला. वर्षाचा फरक पुन्हा ३, उरलेल्या दिवसांचा पुन्हा १. तोच एक विजय, आणि किंमत? एखादा विशीतला पोरगा, ज्याचं नाव त्याच्या क्लबच्या यादीतही विसाव्याच्या खाली असेल.

म्हणून कोणाला घेतलं हे मी नंतर वाचतो. आपल्या टीममध्ये सगळ्यात वाईट कोण खेळतंय आणि तो हलला का, ते आधी बघतो.

हे कागदावरचं गणित आहे असं वाटत असेल तर २०२१ ची अटलांटा बघा. १० जुलैला मायामीत रोनाल्ड अकुन्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. अकुन्या म्हणजे टीमचा जीव. त्याच्या आधीच मार्सेल ओझुना बाहेर गेलेला, म्हणजे आउटफिल्ड निम्मं ओसाड. टीमचे विजय पन्नास टक्क्यांच्या खाली. कोणीही म्हणालं असतं की दुकान बंद करा, विका. जनरल मॅनेजर ॲलेक्स अँथोपोलोसनं अकुन्याच्या तोडीचा माणूस शोधलाच नाही. त्यानं चार ठिगळं घेतली. जॉक पेडरसन आपल्या कब्सकडून, मायनरमधल्या एका फर्स्ट बेसमनच्या बदल्यात. ॲडम डुव्हाल मायामीकडून. हा आदल्या वर्षी अटलांटाचाच होता आणि त्यांनीच त्याला सोडला होता. होर्हे सोलेर कॅन्सस सिटीहून, सरासरी .१९२. आणि एडी रोसारिओ क्लीव्हलँडहून, जो त्या वेळी चक्क दुखापतीच्या यादीत होता. त्याच्या बदल्यात पाब्लो सँडोव्हाल पाठवला, आणि क्लीव्हलँडनं त्याला लगेच मोकळा केला. म्हणजे रोसारिओ जवळजवळ फुकट. आवळा देऊन कोहळा म्हणतात तसं, फक्त तो कोहळा आहे हे त्या दिवशी कोणाला दिसत नव्हतं.

अटलांटा त्या वर्षी पहिल्यांदा पन्नास टक्क्यांच्या वर आली ती ६ ऑगस्टला. ८८ विजयांवर डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकली. डुव्हाल ११३ आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन) घेऊन नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात, पहिला आला. लीगच्या फायनलमध्ये रोसारिओनं २५ पैकी १४ वेळा हिट मारला आणि तिथला एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीचा, एमव्हीपी सोलेर. १९९५ नंतरचं त्यांचं पहिलं विजेतेपद.

यात नशीब नव्हतं असं मी म्हणणार नाही. रोसारिओ .५६० च्या सरासरीनं मारेल हे अँथोपोलोसलाही ठाऊक नव्हतं. पण चार रिकाम्या जागांवर चार बरी माणसं बसवली की नशिबाला बसायला चार खुर्च्या मिळतात.

मग स्टार कधीच घेऊ नये का? घ्यावा, विशेषतः पिचर असेल तर, कारण प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, हे सगळं गणित वाकतं. नेहमीच्या सीझनमध्ये पाच स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, आळीपाळीनं टाकतात. ऑक्टोबरात मध्ये सुट्टीचे दिवस येतात, तीनचारच स्टार्टर पुरतात, आणि चांगला रिलिव्हर, म्हणजे स्टार्टरनंतर येणारा पिचर, दर दुसऱ्या सामन्यात येऊ शकतो. जस्टिन व्हरलँडर २०१७ च्या ३१ ऑगस्टला मध्यरात्रीच्या ऐन तोंडावर ह्युस्टनला गेला, सप्टेंबरात पाचपैकी पाच सामने जिंकला आणि लीगच्या फायनलचा एमव्हीपी झाला. (ऑगस्टमधला हा मागचा दरवाजा २०१९ पासून बंद आहे. आता एकच डेडलाइन. मात्र ३१ ऑगस्टपर्यंत क्लबमध्ये दाखल झालेलाच प्लेऑफ खेळू शकतो, हा नियम कायम आहे. त्यामुळे ऑगस्टअखेर सुटे झालेले खेळाडू भराभर उचलले जाताना दिसतील.)

आणि आता आपला २०१६. २५ जुलैला कब्सनी यँकीजकडून अरोल्डिस चॅपमन घेतला, ताशी १०० मैलांच्या वर टाकणारा क्लोजर. करार त्याच वर्षापुरता. बदल्यात चार जण, त्यात एकोणीस वर्षांचा ग्लेबर टोरेस, आपल्या फार्ममधला, म्हणजे मायनरच्या टीममधला, सगळ्यात चांगला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर). चॅपमन त्याच वर्षी लीगच्या घरगुती हिंसेविरुद्धच्या नियमाखाली ३० सामन्यांची बंदी भोगून आला होता. आमच्या घरात त्यावरून दोन तट पडले. बायकोनं त्या वर्षी तो टाकायला आला की टीव्हीकडे पाठ करायची, ती शेवटपर्यंत. मी बघत राहिलो, पण टाळी वाजवताना हात जड व्हायचा हे खरं आहे. टोरेसनं पुढे २०१९ मध्ये ३८ होमरन मारले. चॅपमन डिसेंबरातच फ्री एजंट म्हणून परत यँकीजकडे गेला. म्हणजे यँकीजना चॅपमनही मिळाला आणि टोरेसही.

कागदावर आपण नागवले गेलो. पण १९०८ पासून विजेतेपदासाठी थांबलेल्या आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या गावाला हा हिशोब सांगून बघा. मला कोणी विचारलं तर मी तो ट्रेड पुन्हा करीन, आणि पुन्हा मला तितकंच अवघड वाटेल.

त्या वर्ल्ड सिरीजचा एक कोपरा मात्र फार कमी लोकांना आठवतो. सातव्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये, चॅपमन आधीच्या दोन सामन्यांत पिळून निघालेला असताना, रजाय डेव्हिसनं त्याला होमरन मारून ६-६ केलं. मग पाऊस, १७ मिनिटांचा खोळंबा, दहाव्या इनिंगमध्ये आपले दोन रन. आणि शेवटचा बळी कोणी घेतला? माइक माँटगोमेरीनं. चॅपमनच्या पाच दिवस आधी सिॲटलकडून आणलेला डावखुरा पिचर. तो ट्रेड झाला तेव्हा वर्तमानपत्रात त्याला दोन परिच्छेद मिळाले असतील. मेजर लीगमधला त्याचा पहिला सेव्ह, म्हणजे जिंकत आलेला सामना राखल्याची नोंद, तो हा. बॉल ब्रायंटकडे घरंगळला, त्याचा पाय घसरला, त्यानं फर्स्ट बेसवरच्या रिझोकडे फेकला, आणि आमच्या गल्लीत रात्री पावणेबाराला लोक भांडी बडवत बाहेर आले.

आता दुसऱ्या बाजूनं, म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूनं बघू. तुमचा खरा राग तिथे आहे.

२०२१ च्या २४ जूनला कब्सच्या चार पिचरांनी मिळून लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सना एकही हिट दिला नाही. त्या रात्री आपण डिव्हिजनमध्ये पहिल्या नंबरावर बरोबरीत होतो. त्यानंतर सलग ११ हरलो. पाच आठवड्यांनी, २९ आणि ३० जुलैला, रिझो यँकीजकडे, बाएझ मेट्सकडे, ब्रायंट जायंट्सकडे. २०१६ च्या त्या शेवटच्या बॉलवरचे दोघे आणि त्यांचा सोबती, दोन दिवसांत साफ. तिघांचेही करार वर्षअखेर संपत होते.

इथे तो १७१ चा आकडा परत येतो. ब्रायंटचा एक दिवस २०१५ मध्ये कापला नसता तर तो २०२० नंतरच मोकळा झाला असता, आणि जुलै २०२१ मध्ये विकायला कब्सकडे तो नसताच. सहा वर्षांपूर्वी रॉस्टरच्या कागदावर केलेली एक खूण अशी फळाला येते. फळ गोड होतं असं नाही. ब्रायंटच्या बदल्यात आलेल्या दोन पोरांमधून शिकागोत फार काही उभं राहिलं नाही. पण बाएझच्या बदल्यात मेट्सकडून एकच पोरगा आला, एकोणीस वर्षांचा, खांद्याच्या ऑपरेशनमुळे त्या वर्षी जेमतेम सहा सामने खेळलेला. पीट क्रो-आर्मस्ट्राँग. २०२५ मध्ये त्यानं ३१ होमरन मारले, ३५ बेस चोरले, आणि सेंटर फिल्डला त्याच्यासारखं धावणारं मी रिग्लीवर, म्हणजे कब्सच्या मैदानावर, दुसरं बघितलं नाही. तुम्ही तिकीट काढून ज्याला बघायला जाता तो हाच. 'नावं न ऐकलेली पोरं' म्हणता ना, त्यातलाच एक.

नाव न ऐकलेल्या पोरांच्या देण्यामागेही एक कारकुनी कारण असतं, तेही सांगतो. क्लबनं कोवळ्या वयात करारबद्ध केलेल्या मुलाला चारपाच वर्षांनी ४० मध्ये घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरात रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. ज्या क्लबकडे अशी सात पोरं आहेत आणि खुर्च्या तीन, त्यांच्यासाठी उरलेली चार जुलैत विकणं म्हणजे नाशवंत माल वेळेत काढणं. बाजारात दुपारी चारनंतर कोथिंबीर कशी मिळते तसं. एका माणसासाठी तीन पोरं दिलेली बघून "एवढे?" असं वाटतं, तेव्हा त्यातली दोन नोव्हेंबरात जाणारच होती का, हे जरूर तपासा.

वाईट विक्रीचं उदाहरणही शेजारीच आहे. २०२२ च्या १ ऑगस्टला मिलवॉकी डिव्हिजनमध्ये ३ सामन्यांनी पुढे होती, आणि त्यांनी आपला क्लोजर जॉश हेडर सॅन डिएगोला विकला. आलेल्यांपैकी टेलर रॉजर्सही क्लोजरच होता, शिवाय दोन पोरं. चौथा, डिनेल्सन लॅमेट, याला तर त्यांनी काही दिवसांतच रॉस्टरवरून काढला. आकड्यांवर बघाल तर गैर काही नव्हतं: हेडर महाग होत चालला होता, मागे डेव्हिन विल्यम्स तयार होता. ट्रेडनंतर लगेच पिट्सबर्गनं, तळाच्या टीमनं, त्यांना तीनही सामने हरवले. वर्षअखेर ८६ विजय. प्लेऑफ एका सामन्यानं हुकलं. एक पोरगा, एस्टेउरी रुइझ, त्यांनी डिसेंबरात दुसऱ्या एका ट्रेडमध्ये घातला आणि त्यातून विल्यम काँट्रेरास हा कॅचर मिळवला, ज्याच्या जोरावर ते पुढची तीन वर्षं आपल्याला डिव्हिजनमध्ये मागे टाकत आलेत. तेव्हा हा ट्रेड चांगला की वाईट?

माझं मत: क्लबसाठी चांगला, त्या २६ जणांसाठी वाईट, आणि दोन्ही एकदम खरं. पहिल्या नंबरावर असताना वरच्यांनी आपला सगळ्यात भरवशाचा माणूस काढला, याचा अर्थ खाली ड्रेसिंग रूममधले खेळाडू काय लावतात हे कोणत्याच आकड्यात येत नाही. मुलांच्या टीमचा कोच असताना मी एकदा स्पर्धेच्या मध्यावर शॉर्टस्टॉपला सेंटर फिल्डला हलवला. नवा मुलगा फिल्डिंगमध्ये सरस होता, निर्णय बरोबर होता. पुढचे तीन सामने अख्खी टीम मौनव्रत घेतल्यासारखी खेळली. अकरा वर्षांची पोरं होती ती. मोठ्यांचं वेगळं असेल असं मला वाटत नाही. हेडरच्या वेळचा मिलवॉकीचा मॅनेजर क्रेग काउन्सेल २०२४ पासून आपल्याकडे आहे; या विषयावर त्याच्याशी एक चहा प्यायला मला आवडेल.

माणसांचा विषय निघालाच आहे तर विल्मर फ्लोरेसची गोष्ट माहीत असू द्या. २९ जुलै २०१५, मेट्सचा सामना चालू. फ्लोरेसचा ट्रेड झाल्याची बातमी स्टँडमधल्या फोनवर आधी पोचली, लोक त्याला निरोपाच्या टाळ्या द्यायला लागले, आणि बिचारा शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा राहून बाहीनं डोळे पुसत होता. सोळाव्या वर्षी त्याच क्लबनं घेतलेला मुलगा. रात्री कळलं की ट्रेड फिसकटला. दोन दिवसांनी, डेडलाइनच्याच रात्री, त्यानं बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून सामना जिंकला आणि होम प्लेटकडे येताना छातीवरचं मेट्सचं नाव मुठीत धरून दाखवलं. मेट्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. आणि याहून जुनी एक मजा रिग्लीवरचीच: ४ ऑगस्ट १९८२ ला जोएल यंगब्लडनं दुपारी आपल्या इथे मेट्सकडून हिट मारला, मधल्या इनिंगमध्ये त्याचा मॉन्ट्रियलला ट्रेड झाला, विमान पकडून तो फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री नव्या टीमकडून पुन्हा हिट मारला. दोन्ही पिचर, फर्गी जेंकिन्स आणि स्टीव्ह कार्लटन, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ओळखायचं कसं. कट्ट्यावर दोन जुनी उदाहरणं तुम्हाला हमखास ऐकवतील. १९९० मध्ये बोस्टननं लॅरी अँडरसन या रिलिव्हरसाठी जेफ बॅगवेल दिला. अँडरसननं बोस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या, बॅगवेल हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि १९८७ मध्ये डेट्रॉइटनं डॉयल अलेक्झांडरसाठी जॉन स्मोल्ट्झ दिला. तोही हॉल ऑफ फेममध्ये. लोक दोन्ही एकाच श्वासात सांगतात. मी नाही सांगत. अलेक्झांडर डेट्रॉइटसाठी ९ जिंकला, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटनं डिव्हिजन जिंकली ती टोरोंटोपेक्षा २ सामन्यांनी. तो नसता तर जिंकली नसती. वीस वर्षांचा स्मोल्ट्झ तेव्हा मायनरमध्ये मार खात होता. डेट्रॉइटला जे हवं होतं ते मिळालं; बोस्टनच्या ट्रेडबद्दल असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी एक वही ठेवतो. ट्रेडच्या दिवशी, टीव्हीवरचे लोक बोलायला लागायच्या आत, चार ओळी लिहितो: आलेला माणूस कोणाच्या जागी खेळणार, आपल्याकडे किती दिवस राहणार, गेलेल्यांची आपल्याकडे जागा होती का, आणि आज मला काय वाटतंय. नंतरचं ज्ञान घालून ती ओळ बदलायची नाही. २०१७ च्या जुलैत आपण व्हाइट सॉक्सकडून होसे किंताना घेतला आणि एलॉय हिमेनेस व डिलन सीस दिले. तेव्हाची माझी ओळ आहे: "टीम ४३-४५, स्टार्टर हवाच, किंताना स्वस्त आणि तीन वर्षं हातात, चालेल." त्या वर्षी डिव्हिजन जिंकली. सीस २०२२ मध्ये साय यंगच्या, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आला, पुढे सॅन डिएगोसाठी नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही. ओळ पुन्हा वाचली की पोटात कळ येते, पण तेव्हा मला जे माहीत होतं त्यावर मी आजही तीच लिहीन. ट्राउटचं पानही त्याच वहीत आहे. त्याखाली फक्त "क्लोजर हवा" असं लिहिलंय. कोणाच्या जागी, किती दिवस, काहीही नाही. खरं तर माझ्या टीममध्ये तेव्हा आधीच दोन क्लोजर होते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जर्सीबद्दल सांगून ठेवतो, कारण नवा माणूस पहिल्या दोन वर्षांत इथे पैसे घालवतो. माझ्या कपाटात १७, ४४ आणि ९ नंबरच्या, म्हणजे ब्रायंट, रिझो आणि बाएझच्या, तीन आहेत. जुलै २०२१ च्या त्या दोन दिवसांत तिन्ही जुन्या झाल्या. आता घ्यायचीच असेल तर आधी त्याचा करार कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघा, आणि करार या वर्षी संपत असेल तर ऑगस्ट उजाडेपर्यंत थांबा. बायको म्हणते, नाव नसलेली घ्या. तिच्याकडे तशी एक आहे, २००३ ची, आणि अजून चालते.